चाळीस व्हिडिओ

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू नीट पोचल्याचं दादाकडून कळलं. फोन लागला तेव्हा तुझा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडेच. त्या डोंगरावर रेंज म्हणजे उंबराचं फूल म्हणालीस, तेव्हा पत्रच बरं. पत्रात दर मिनिटाला "ऐकू येतंय का" विचारावं लागत नाही.

ठोंब्या मजेत आहे. पहिले चार दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं, खोटं कशाला सांगू. आईचे गुडघे, माझं शिलाई मशीन आणि हा सात महिन्यांचा गडी, तिघांचा आवाज एकदम. दादा तर ट्रक घेऊन गेला तो पंधरा दिवसांनीच उगवणार. शेवटी पाचव्या दिवशी तू जाताना दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पलंगावर बसून तू म्हणतेस, "कुठे गेलं माझं ठोंबू, कुठे गेलं," आणि हा रडता रडता चिडीचूप. डोळे मिटायलासुद्धा तयार नाही. चाळीसच्या चाळीस व्हिडिओ एकामागून एक लागतात आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात माझे शाळेच्या गणवेशांचे साठ खिसे शिवून होतात.

तेव्हा तू तिकडे जीव जाळू नकोस. तुला तो विसरायचा नाही. दिवसभर घरात तूच तर असतेस.

तुझी नणंद


१४ मार्च

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुझं नाक फुगतं हे माहीत आहे, म्हणूनच म्हणते. इथे चिडवायला दुसरं कुणी नाही.

तुझं पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा रडले. तुला सांगते, निघताना मला एकच भीती होती. चौदा महिन्यांचा करार. मी परत येईन तेव्हा तो मला परकी समजून तुझ्या मागे लपेल. म्हणून ते चाळीस व्हिडिओ केले. एका बैठकीत, मधे कुठे न थांबता केले, कारण थांबले असते तर रडू फुटलं असतं आणि मग ते पाहून तोही रडला असता.

मी ज्यांना सांभाळते ते आजोबा आयुष्यभर लिलाव पुकारत होते. जुनी कपाटं, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, सगळं ह्यांनी ओरडून विकलं. आता झटका येऊन उजवी बाजू गेली आणि वाचाही. दिवसाकाठी कधीतरी तोंडातून "एक वार" एवढंच सुटतं. पुढचे दोन वार राहून गेलेत. त्यांना उचलते, पुसते, भरवते. पाठीचा पार भुगा झालाय. पण माझं पोर तिकडे मला बघतंय म्हटल्यावर निम्मा शीण जातो.

सासूबाईंना गुडघ्याला शेक घ्यायला सांग.

तुझी वहिनी


२ जुलै

प्रिय वहिनी,

काल ठोंब्या वर्षाचा झाला. दादा मुद्दाम आला होता. केक आणला, तो निम्मा दादानंच खाल्ला. तुझा एकविसावा व्हिडिओ लावला, त्यात तू टाळ्या वाजवतेस ना, तो. ह्यानंही वाजवल्या. आई पदरानं डोळे पुसत होती.

इतकं गुणी पोर मी पाहिलं नाही. सकाळी समोर बसवलं की जेवणापर्यंत हूं की चूं नाही. शेजारच्या काकूंचा नातू ह्याच्याच वयाचा, पण तो दिवसभर "दे, दे" करत लोकांच्या जिवाला घोर. आपला कसा शांत. ~~हाक मारली तर~~ आई म्हणते मुलगे उशिराच बोलतात. दादा म्हणे अडीच वर्षांपर्यंत मुका होता आणि आता ट्रकमध्ये एकटा असला तरी त्याची बडबड चालू असते.

शाळा सुरू झाल्यामुळे गणवेशांचा ढीग पडलाय. डोळे चुरचुरतात, म्हणून पत्र छोटं.

तुझी नणंद


२८ जुलै

वन्सं,

पत्रात तू तीन शब्द खोडलेस. मी कागद खिडकीशी उजेडात धरला. "हाक मारली तर" असं लिहिलंय. हाक मारली तर काय?

मला काही लपवू नकोस. आधीच इथे बसून मी मनानं नाही नाही ते रचत असते.

आजोबांना बोलायला शिकवायला दर मंगळवारी एक बाई येते. परवा ती मला म्हणाली, "तुम्ही फार बोलता. त्यांच्या तोंडातला शब्द बाहेर यायच्या आत तुमचे दहा येतात. विचारायचं आणि गप्प बसायचं." तेव्हापासून मी विचारते, "पाणी हवंय?" आणि मनात पुकारते, एक वार, दोन वार, तीन वार. खरंच सांगते, तिसऱ्या वारापर्यंत त्यांचे ओठ हलतात. इतके दिवस मी त्यांना वेळच दिला नव्हता.

उत्तर लवकर पाठव. काय ते सरळ लिही.

वहिनी


९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

दोन महिने पत्र नाही लिहिलं. तीनदा लिहून फाडलं.

हाक मारली तर तो बघत नाही. हे मी जूनपासून बघतेय. आधी वाटलं नादात असेल. मग वाटलं कान. आईजवळ बोलले तर तिनं माझ्यावरच तोंड टाकलं, की भरल्या घरात अभद्र बोलू नकोस. मग मीही गप्प बसले. मला तेच सोयीचं होतं, वहिनी. तो गप्प असला की माझे खिसे होत होते.

मागच्या आठवड्यात लस टोचायला दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं त्याला तीन हाका मारल्या, खुळखुळा वाजवला. खुळखुळ्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही. डॉक्टरीणबाईंनी कान तपासून घेतले. कान ठणठणीत आहेत. मग विचारलं, घरी टीव्ही किती वेळ असतो. मी म्हटलं, दोन तास. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग मी म्हटलं, मी मशीनवर बसते तिथपासून उठेपर्यंत. सात तास, कधी आठ.

मी सांगितलं, त्यात कार्टून नाही हो, त्याची आईच असते. तर म्हणाल्या, "सगळं टीव्हीमुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण ह्या वयात मूल एक आवाज काढतं, समोरचं माणूस उत्तर देतं, मग ते दुसरा आवाज काढतं. टीव्हीतली आई त्याला उत्तर देते का?" सहा महिने बंद ठेवा, माणसं द्या, मग परत दाखवा, असं म्हणाल्या.

घरी येऊन रिमोट हातात घेतला. समोर तू म्हणत होतीस, "आई आहे हं इथंच." बटण दाबायला हात धजेना. मला सांग, मी काय करू.

आणि आता त्याला ठोंब्या म्हणायला जीभ वळत नाही.

तुझी नणंद


१ नोव्हेंबर

वन्सं,

तुझ्यावर रागवायला बसले होते. पण रागवायचं कुठल्या तोंडानं? पोर तुझ्या गळ्यात टाकून आले ती मीच.

तरी एक मागते. मला एकदम बंद करू नका. सहा महिने त्यानं मला पाहिलं नाही तर माझं काय उरेल त्याच्यात? तो माझा लेक आहे गं, मला त्यातून काढू नका.

मी उपाय काढलाय. सोबत नवा पेनड्राइव्ह आहे. ह्यात दहाच व्हिडिओ आहेत, आणि ह्यात मी थांबते. "बाळाचं नाक कुठंय?" विचारते आणि गप्प बसते. मनात एक वार, दोन वार, तीन वार म्हणते, आणि मगच "शाब्बास" म्हणते. आजोबांना समोर बसवून केले. त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं नाक दाखवलं. आता त्याला बोलायला जागा मिळेल. रोज अर्धाच तास लाव. एवढं माझ्यासाठी कर.

वहिनी


३० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

लावला. काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

पहिल्या दिवशी तू "नाक कुठंय" विचारून थांबलीस, तेव्हा तो दचकला. नऊ महिन्यांत तू पहिल्यांदाच गप्प बसली होतीस. तो तुझ्याकडे बघत राहिला आणि हळूच "ब्बा" म्हणाला. वहिनी, माझ्या हातातली कात्री पडली. मी आईला हाका मारल्या. तेवढ्यात तुझे तीन वार संपले, तू "शाब्बास" म्हणालीस, तो खुदकन हसला. आम्हा दोघींना वाटलं, देव पावला.

दुसऱ्या दिवशी तो "ब्बा" म्हणायला जरा उशीर झाला. त्याच्या "ब्बा"वरच तुझं "शाब्बास" येऊन आदळलं. तो थांबला. पुढच्या प्रश्नाला तो काहीच बोलला नाही, तरी तू शाब्बास म्हणालीस. मग तो एकदा बराच वेळ बोलत होता, बा बा बा असं, काहीतरी सांगत होता तुला, आणि तू मधेच त्याचं तोडून "कान कुठंय" विचारलंस. चौथ्या दिवशी तू थांबलीस तेव्हा त्यानं तोंडच उघडलं नाही. उठला, भिंतीला धरत धरत गेला, आणि टीव्हीच्या मागे वाकून बघितलं. तिथे वायरी होत्या. खूप वेळ त्या वायरींकडे बघत बसला.

मी ते तुला लिहिणार नव्हते. पण मागे तीन शब्द खोडले तेव्हा तू उजेडात धरून वाचलेस, तेव्हा म्हटलं आता काही खोडायचं नाही.

तुझी नणंद


२० डिसेंबर

वन्सं,

बंद कर.

विसरला तर विसरू दे. चार दिवस ह्यावर विचार केला आणि पत्रात एवढंच लिहायचं ठरवलं होतं, पण तुला वाटेल मी रागात आहे, म्हणून थोडं जास्त लिहिते. रागात नाही. दमलेय. मला वाटत होतं, ते चाळीस व्हिडिओ त्याच्यासाठी आहेत. ते माझ्यासाठी होते. मला विसरू नये म्हणून मी पोराला वर्षभर एका बाईसमोर बसवलं, जी त्याचं काहीच ऐकत नाही.

दोन्ही पेनड्राइव्ह काढून तुझ्या दादाजवळ दे, म्हणावं ट्रकमध्ये ठेव. घरात राहिले तर सासूबाई दया येऊन लावतील.

आता तू बोल त्याच्याशी. खिसे शिवता शिवता बोल, पण विचारलं की मशीन थांबव. तीन वार मोज. तिसऱ्याला घाई करू नकोस. त्याला ठोंब्याच म्हण. तुझ्या तोंडून त्यानं तेच ऐकलंय.

वहिनी


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पहिले तीन आठवडे विचारू नकोस. तो टीव्हीला थापडा मारायचा, आमच्याकडे पाठ करून रडायचा. शेवटी मी मशीनवरचं कापड टीव्हीवर घातलं. आईनंही तिच्या मालिका सोडल्या. म्हणाली, ह्या वयात मला हा उपास घडवलास. पण सोडल्या. दुपारी त्याला मांडीवर घेऊन बटणांचा डबा काढते आणि एकेक बटण त्याच्या हातात देते. कंत्राटदाराला सांगून टाकलं की रोज वीसच खिसे होतील. तो तोंड वाकडं करून गेला.

मी मोजायला शिकले. "बटण देऊ?" विचारायचं, पाय मशीनच्या पायट्यावरून काढायचा आणि थांबायचं. आधी काहीच व्हायचं नाही. मोठ्या माणसाला थांबणं किती जड जातं गं. माझी जीभ शिवशिवायची. मग तो बघायला लागला. आधी हाताकडे, मग तोंडाकडे. जानेवारीच्या शेवटी हाक मारली तर वळला. मी आतल्या खोलीत जाऊन रडून आले.

आणि परवा. मी मशीनवर होते, कामाच्या नादात. तो स्टुलाच्या पायाशी येऊन उभा राहिला, माझा परकर ओढला, आणि म्हणाला, "ये." स्पष्ट. मी पाय काढला. पुन्हा म्हणाला, "ये," आणि मला बटणांच्या डब्याकडे घेऊन गेला. एकोणीस महिन्यांचं माझं पोर मला बोलावून घेऊन गेलं. माझं म्हटलं, राग मानू नकोस.

लशीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून मागे आहे, पण निघालाय. आता सोडू नका.

दादा म्हणतोय, फोनवर त्याचं "ये" टिपून तुला पाठवूया. पाठवू का?

तुझी नणंद


५ मार्च

प्रिय वन्सं,

नको पाठवूस.

तो "ये" म्हणेल आणि मी इथे गप्प बसून बघत राहीन. त्याला कळणारही नाही की मी ऐकलं. तेच मी त्याला वर्षभर करायला लावलं. मी येऊन ऐकेन, म्हणजे मला "आले" म्हणता येईल.

राग नाही मानला. जळले मात्र थोडी. आता गेलं ते.

११ एप्रिलला पोचते. आजोबांना सांगितलं की मी जाणार. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मी मोजत होते. मग म्हणाले, "दोन वार." मंगळवारची बाई म्हणाली, ही मोठी मजल आहे. मला त्यांना सोडून निघवत नाहीये, आणि एक दिवसही जास्त राहवत नाहीये.

मी दारात आले की तू त्याला पुढे ढकलू नकोस. मी थांबेन.

तुझी वहिनी


८ एप्रिल

प्रिय वहिनी,

हे पत्र टपालात टाकत नाही, आईजवळ ठेवून जातेय. ती तुला देईल.

तयार कपड्यांच्या कारखान्यात मला कटरची जागा मिळालीय. बोलावणं डिसेंबरमध्येच आलं होतं, मी पुढे ढकललं. आता बारा तारखेला रुजू व्हायचंय. तीन दिवस थांबून तुला भेटून जाता आलं असतं. मुद्दाम थांबले नाही. मी घरात असले तर तो तुझ्याकडे यायचा नाही, माझ्याच मागे लपेल. तुला ज्याची भीती होती तेच. तू डिसेंबरात स्वतःला त्याच्यासमोरून काढून घेतलंस, तर मला एवढं जमायला हवं.

बटणांचा डबा खिडकीत आहे. निळं मोठं बटण त्याचं लाडकं. विचारलं की थांबायचं, हे तुला मी काय सांगू.

झोपेत त्याचा मुका घेऊन निघाले.

तुझी नणंद


१९ एप्रिल

वन्सं,

आज चिडवायला म्हणत नाही, रागानं म्हणतेय.

मी आले. दारात सासूबाई होत्या आणि त्यांच्या गुडघ्याआडून तो. मी बॅग खाली ठेवली, उंबऱ्याबाहेर बसले आणि मोजायला लागले. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग कापड घातलेल्या टीव्हीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. काहीतरी कुठेतरी ओळखीचं लागलं असावं. मग माझ्या बाजूनं सरकत दाराबाहेर आला आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिला. माझ्याबरोबर आणखी कुणी आलंय का ते बघत होता.

आठ दिवस झाले. सकाळी उठला की मशीनपाशी जातो. स्टुलाच्या पायाशी बसतो, पायट्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "ये." आणि मग थांबतो. वन्सं, तो थांबतो गं. बोलून झालं की गप्प बसून समोरच्याला वेळ देतो, तू शिकवलंस तसं. मी मागे बसून मोजते. एक वार, दोन वार, तीन वार. कुणी येत नाही. मग पुन्हा म्हणतो, "ये."

तुझ्या भावाच्या फोनमध्ये तुझा एक व्हिडिओ आहे, बटणं ओवताना हसतेस तो. काल तुझा दादा म्हणाला, लावू का, पोर निदान गप्प बसेल. मी फोन हिसकावून घेतला. सासूबाई म्हणाल्या, काळीज आहे की दगड. मी लावू दिला नाही. एकदा गप्प बसवून झालंय त्याला.

मला वाटलं, मी टीव्हीत असले तर तो विसरणार नाही. तुला वाटलं, तू घरात नसलीस तर तो मला धरेल. आपण दोघी मोठ्या शहाण्या. त्याच्या वतीनं सगळं आपणच ठरवलं.

आज दुपारची गोष्ट सांगते. त्यानं माझं बोट धरलं, मला ओढत मशीनपाशी नेलं आणि स्टुलावर बसवलं. मला मेलीला शिवायला कुठं येतं? पायट्यावर पाय ठेवून नुसती बसले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली, आणि हात ओढून खाली उतरवलं. मी जमिनीवर बसले. मग तो आपण होऊन माझ्या मांडीत येऊन बसला. आल्यापासून पहिल्यांदा. पाठ माझ्या पोटाला टेकवून. आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसलो. त्यानं "ये" म्हटलं. मीही म्हटलं.

नोकरी सोड असं म्हणत नाही. नोकरी कर. पण रविवारी बस असते, दोन तासांचा रस्ता आहे. तू आलीस की तो तुझ्या मागे लपेल, मला माहीत आहे. लपू दे. त्याच्यामागून मी बघेन.

ह्या पत्राला उत्तर पाठवू नकोस. त्यानं विचारलंय, त्यालाच द्यायचं. ये.

तुझी वहिनी